एन्डोस्कोपीचं कोडिंग नव्याने शिकताय? शीर्षक सोडा, आतला रिपोर्ट वाचा

माझ्या स्क्रीनवर आलेला पहिला लाइव्ह चार्ट मला अजून आठवतो. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘कोलोनोस्कोपी विथ पॉलिपेक्टमी’. मी सीपीटीचं, म्हणजे डॉक्टरांच्या कामांच्या कोडचं, पुस्तक उघडलं आणि थांबले. मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, काढण्याचे कोड एक नाही, कितीतरी आहेत. यातला कुठला द्यायचा? शीर्षकात ते लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलेलं होतं खाली, दुसऱ्या पानावर, एका लांबलचक वाक्याच्या पोटात.

झूऑलॉजी घेऊन बीएससी झाल्यावर मी या कामात आले. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी, मग ऐरोली. ऐरोली, महापे, पवई, मालाड इथल्या ऑफिसांतून आपली कितीतरी मराठी मुलं-मुली अमेरिकेतल्या दवाखान्यांचं कोडिंग करतात. पण पोटाच्या एन्डोस्कोपीवर मराठीत कुणी नीट समजावून सांगितलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

१. काम काय आहे ते आधी समजून घ्या

अमेरिकेत डॉक्टरांनी पेशंटची दुर्बिणीतून तपासणी केली, की ते रिपोर्ट लिहितात. तो रिपोर्ट आपल्याकडे येतो. आपण त्यातून दोन गोष्टी काढतो: काय केलं आणि का केलं. ‘काय केलं’ याला सीपीटीचा पाच आकडी कोड, ‘का केलं’ याला आयसीडी-१०-सीएमचा कोड. हे दोन्ही जुळले तर विमा कंपनी पैसे देते. जुळले नाहीत तर क्लेम परत येतो, किंवा बिल थेट पेशंटच्या घरी जातं.

घरातल्या कुणाची मेडिक्लेमची फाइल तुम्ही हाताळली असेल तर तो अनुभव इथे बाजूला ठेवा. आपल्याकडे एन्डोस्कोपीचं बहुधा ठरलेलं पॅकेज असतं. तिकडे प्रत्येक कृतीचा हिशेब वेगळा. एकाच तपासणीत दोन पॉलिप दोन वेगळ्या हत्यारांनी काढले तर दोन कोड, एकाच हत्याराने काढले तर एकच.

आणखी एक फरक पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या: तुमचा प्रोजेक्ट ‘प्रो-फी’ आहे की ‘फॅसिलिटी’? प्रो-फी म्हणजे डॉक्टरांचं बिल, फॅसिलिटी म्हणजे हॉस्पिटलचं किंवा सर्जरी सेंटरचं. कोड बरेचसे तेच असतात, मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षरी किंवा दोन आकडी खूण, मात्र बदलतात. मी पुढे जे सांगते ते प्रो-फीच्या अंगाने.

२. नोकरी धरण्याआधी

इथे मुलं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून स्पष्टच लिहिते.

मुलाखतीत विचारा, ‘काम कोडिंगचं आहे की एआर कॉलिंगचं?’ एआर कॉलिंग म्हणजे अमेरिकन विमा कंपन्यांना फोन करून अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा. ते काम चांगलंच आहे, पण ते रात्रपाळीचं असतं आणि त्यात चार्ट वाचायला मिळत नाहीत. जाहिरातीत दोन्हींना ‘मेडिकल बिलिंग अँड कोडिंग’ असंच म्हटलेलं असतं.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही जमा करू नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीची बारावीची आणि पदवीची मूळ मार्कशीट एका ट्रेनिंग सेंटरने ठेवून घेतली होती. पुढे दुसरीकडे नोकरी लागली तेव्हा ती परत मिळवायला तिने तीन महिने खेटे घातले.

‘फी भरा, नोकरीची हमी’ असं कुणी म्हणत असेल तर ती हमी लेखी मागा. लेखी देणार नसतील तर उठा.

जॉइनिंगला लागणारे कागद: आधार, पॅन, दहावी-बारावी-पदवीच्या मार्कशीट, बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, पासपोर्ट साइझ फोटो, आधी नोकरी केली असेल तर यूएएन नंबर, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप. परीक्षा दिली असेल तर तिचा मेंबर आयडी.

लाइफ सायन्स, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, बीएचएमएस यांना प्राधान्य मिळतं. पण शरीररचना मनापासून शिकायची तयारी असेल तर इतरांनीही घाबरू नये.

३. हाताशी काय हवं

चालू वर्षाची तीन पुस्तकं: सीपीटी, आयसीडी-१०-सीएम आणि एचसीपीसीएस लेव्हल टू (सीपीटीबाहेरचे, ‘जी’ने सुरू होणाऱ्यांसारखे कोड). ऑफिसात एनकोडर, म्हणजे कोड शोधायचं सॉफ्टवेअर असतं, तरी सुरुवातीला पुस्तकच उघडा. कोडच्या वर-खाली कंसात छापलेल्या बारीक सूचना, ‘याच्यासोबत हा देऊ नये’ अशा, सॉफ्टवेअर बघताना डोळ्यांआड होतात. आपल्या निम्म्या चुका त्या कंसातल्याच असतात.

याशिवाय एनसीसीआय एडिट्सची यादी, म्हणजे कुठले दोन कोड एकत्र चालत नाहीत त्याचा अमेरिकन सरकारी तक्ता. आणि क्लायंटची गाइडलाइन. ती दर महिन्याला पुन्हा वाचा, बदललेली असते.

मोबाइल लॉकरमध्ये जाईल आणि बहुतेक फ्लोअरवर कागद-पेनही नेता येणार नाही. पेशंटच्या माहितीचं संरक्षण हा ‘हिपा’ नावाचा १९९६चा अमेरिकन कायदा आहे आणि तो आपल्यालाही लागू होतो. चार्टमधलं नाव, जन्मतारीख, काहीही बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. त्यामुळे अभ्यासाची वही फ्लोअरवर नेऊ नका, गाडीत वाचा. माझी वही अशीच डोंबिवली-ठाणे प्रवासात भरली.

४. आतड्याचा नकाशा पाठ करा

वहीच्या पहिल्या पानावर मोठं आतडं काढा. खालून वर: रेक्टम, सिग्मॉइड, डिसेंडिंग, मग डावीकडचं वळण स्प्लीनिक फ्लेक्शर, आडवं ट्रान्सव्हर्स, उजवीकडचं वळण हेपॅटिक फ्लेक्शर, असेंडिंग आणि शेवटी सीकम. स्कोप, म्हणजे दुर्बिणीची नळी, याच क्रमाने आत जातो.

चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल समजा. सीकम म्हणजे विरार. स्कोप तिथे पोचला तरच ती पूर्ण कोलोनोस्कोपी. अलीकडे थांबला तर कुठे थांबला ते पाहायचं, आणि बघायचं स्टेशन एकच, स्प्लीनिक फ्लेक्शर.

ते वळण पार झालंच नाही तर ती कोलोनोस्कोपी धरायचीच नाही. सिग्मॉइडोस्कोपीचे कोड द्यायचे, ४५३३० आणि त्याची भावंडं. वळण पार झालं पण सीकम गाठलं नाही आणि फक्त पाहणी झाली, तर ४५३७८ ला मॉडिफायर ५३ (काम मध्येच थांबवलं). वळण पार झालं, सीकम गाठलं नाही, पण वाटेत पॉलिप काढला किंवा बायोप्सी घेतली, तर त्या कृतीच्या कोडला मॉडिफायर ५२ (काम कमी झालं). फॅसिलिटीच्या बिलात अर्धवट सोडलेल्या तपासणीला ७३ किंवा ७४ लागतो, भूल देण्याआधी सोडली की नंतर यावर.

‘पोट नीट साफ झालं नव्हतं’ हे वाक्य दिसलं की लगेच ५३ लावू नका. साफ नसतानाही डॉक्टर सीकमपर्यंत गेलेले असतात. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्सचं तोंड दिसलं’, ‘इलिओसीकल व्हॉल्व्ह ओळखला’ असं लिहिलं असेल तर स्कोप पोचला. पुढे टर्मिनल इलियममध्ये डोकावून तिथली बायोप्सी घेतली तरी तो कोलोनोस्कोपीचाच भाग, कोड ४५३८०.

५. रिपोर्ट वाचायचा क्रम

आमच्या टीएल (टीम लीडर) मॅडमनी मला एक सवय लावली. कोड शोधायच्या आधी रिपोर्टमधून पाच उत्तरं काढायची: पेशंट का आला? स्कोप कुठपर्यंत गेला? काय दिसलं आणि कुठे? त्या प्रत्येकाचं काय केलं, कुठल्या हत्याराने? पॅथॉलॉजीत काय आलं? पाचही उत्तरं मिळाल्याशिवाय पुस्तकाला हात नाही.

एक नमुना चार्ट घेऊ, सरावासाठी बनवलेला. वय ५२, कसलीही तक्रार नाही, स्क्रीनिंगसाठी आलेला पेशंट, खासगी विमा. शीर्षक: कोलोनोस्कोपी विथ पॉलिपेक्टमी. आतला मजकूर असा: स्कोप सीकमपर्यंत नेला, अपेंडिक्सचं तोंड दिसलं. असेंडिंग कोलनमध्ये ३ मिलिमीटरचा पॉलिप, कोल्ड बायोप्सी फोर्सेप्सने (चिमट्याने) काढला. सिग्मॉइडमध्ये ८ मिलिमीटरचा पॉलिप, कोल्ड स्नेअरने (तारेच्या फासाने) काढला. आतली मूळव्याध. पॅथॉलॉजी: सिग्मॉइडचा पॉलिप ट्युब्युलर ॲडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा प्रकार), असेंडिंगचा हायपरप्लास्टिक (साधा).

शीर्षकावर विसंबून एकच कोड दिला तर एका पॉलिपचे पैसे बुडाले. आता नीट करू. सिग्मॉइडला स्नेअर म्हणून ४५३८५. असेंडिंगला बायोप्सी फोर्सेप्स म्हणून ४५३८०. एनसीसीआयच्या तक्त्यात ही जोडी एकत्र चालत नाही, पण जागा आणि पॉलिप वेगळे आहेत म्हणून ४५३८० ला मॉडिफायर ५९ (हे काम वेगळं आहे). खासगी विम्याचं स्क्रीनिंग म्हणून दोन्हींना मॉडिफायर ३३ (प्रतिबंधात्मक सेवा). निदानात पहिला झेड१२.११, कारण पेशंट स्क्रीनिंगला आला होता. मग ४५३८५ ला डी१२.५ जोडायचा आणि ४५३८० ला के६३.५. मूळव्याधीची पायरी लिहिलेली नाही म्हणून शेवटी के६४.८.

हे मला पहिल्यांदा जमायला वीस मिनिटं लागली होती. तुम्हालाही लागतील, लागू द्या. प्रॉडक्शनचं टार्गेट नंतर आपोआप गाठता येतं. ऑडिटमध्ये बहुतेक ठिकाणी ९५ टक्के अचूकता मागतात, आणि ती सवयीतूनच येते.

६. हत्यार पाहून कोड द्या

कोलोनोस्कोपीत रोज लागणारे कोड असे:

- नुसती पाहणी: ४५३७८
- बायोप्सी, किंवा कोल्ड फोर्सेप्सने पॉलिप काढणं: ४५३८०
- आतड्याच्या अस्तराखाली इंजेक्शन, शाईची खूण धरून: ४५३८१
- रक्तस्राव थांबवणं: ४५३८२
- हॉट बायोप्सी फोर्सेप्स: ४५३८४
- स्नेअर, गरम असो वा थंड: ४५३८५
- जाळून नष्ट करणं: ४५३८८
- ईएमआर (अस्तराचा भाग उचलून कापणं): ४५३९०

उपचाराचा कोड दिला की त्यात पाहणी आलीच. ४५३८५ सोबत ४५३७८ कधीच द्यायचा नाही. नवीन मुलांच्या ऑडिटमध्ये हीच एरर मी सर्वात जास्त पाहते.

प्रत्येक कोड एकदाच. स्नेअरने पाच पॉलिप काढले तरी ४५३८५ एकच. चार ठिकाणांहून बायोप्सी घेतली तरी ४५३८० एकच, कारण कोडच्या वर्णनातच ‘एक किंवा अनेक’ असं आहे.

एकाच पॉलिपची आधी बायोप्सी घेतली आणि मग तोच स्नेअरने काढला, तर फक्त ४५३८५. इथे ५९ लावणं म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे मागणं. सिस्टिमने एडिट, म्हणजे ‘ही जोडी चालत नाही’ असा इशारा, दाखवली की ५९ टाकून ती घालवायची, ही काही जणांची सवय असते. ती लावून घेऊ नका. आधी रिपोर्टमध्ये दुसरी जागा, दुसरा पॉलिप शोधा. तो असेल तरच ५९.

रक्तस्रावाचं असंच. पॉलिप कापल्यावर रक्त आलं आणि डॉक्टरांनी क्लिप लावली, तर ते त्याच कामाचा भाग, ४५३८२ नाही. पेशंट आधीपासून रक्त जात असल्याने आला आणि ती जागा शोधून क्लिप लावली, तर ४५३८२.

ईएमआर हा शब्द डॉक्टर सैल हाताने लिहितात. कोड द्यायला तीन गोष्टी रिपोर्टमध्ये हव्यात: इंजेक्शनने भाग उचलला, कडा आखल्या, स्नेअरने कापला. कडा आखल्याचा उल्लेख नसेल, फक्त सलाइनने उचलून स्नेअर लावला असेल, तर ४५३८१ आणि ४५३८५. आणि खरंच ईएमआर असेल तर त्याच जागेसाठी हे दोन्ही पुन्हा द्यायचे नाहीत.

कधीकधी रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉलिप काढला’ एवढंच असतं. अंदाजाने कोड देऊ नका, डॉक्टरांना क्वेरी टाका. उत्तर यायला दोन दिवस लागतील, चार्ट होल्डवर राहील, चालेल.

भुलीबद्दल थोडक्यात. डॉक्टरांनी स्वतः मॉडरेट सिडेशन (गुंगीचं औषध) दिलं तर २०१७ पासून ते वेगळं बिल होतं: ९९१५२, मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्याला जी०५००. किमान दहा मिनिटांची वेळ लिहिलेली हवी. भूलतज्ज्ञ वेगळे असतील तर त्यांचे कोड त्यांच्या बिलात जातात.

७. स्क्रीनिंग: इथे पेशंटचा खिसा आहे

या भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण माझी सगळ्यात जड चूक इथली आहे.

नोकरीच्या चौथ्या महिन्यात मी एका स्क्रीनिंगच्या चार्टला ३३ लावायला विसरले. पॉलिप सापडला होता, मी तो पहिलं निदान म्हणून टाकला आणि झेड१२.११ मागे ढकलला. विमा कंपनीने ती तपासणी आजारासाठीची धरली आणि डिडक्टिबलची, म्हणजे विमा सुरू होण्याआधी पेशंटने स्वतः भरायची, रक्कम पेशंटच्या नावावर टाकली. त्या माणसाला वाटलं होतं, तपासणी मोफत आहे. त्याच्या घरी बिल गेलं. तक्रार क्लायंटकडून आमच्याकडे आली तेव्हा टीएल मॅडमनी मला शेजारी बसवलं आणि रिपोर्टची पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावली: ‘इंडिकेशन (तपासणीचं कारण), स्क्रीनिंग’. एवढंच म्हणाल्या, ‘हे आधी वाचायचं असतं गं.’ क्लेम दुरुस्त होऊन पुन्हा गेला. पण तेव्हापासून मी चार्ट उघडला की आधी इंडिकेशन वाचते.

का आला याची तीन उत्तरं असतात. तक्रार नाही, वयाप्रमाणे तपासणी: हे स्क्रीनिंग. आधी पॉलिप होता म्हणून ठरावीक काळाने परत: हे सर्व्हेलन्स. रक्त जातंय, पोट दुखतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय: हे डायग्नोस्टिक. तपासणीत काय सापडलं यावरून हे उत्तर बदलत नाही. स्क्रीनिंगला आलेल्या माणसाला कॅन्सर सापडला तरी तो स्क्रीनिंगलाच आला होता, झेड१२.११ पहिलाच राहील आणि सापडलेलं त्यामागे.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर बहुतेक खासगी विम्यांना प्रतिबंधात्मक तपासण्या पेशंटकडून काही न घेता द्याव्या लागतात. २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञ मंडळाने आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. म्हणून ४६-४७ वयाचे स्क्रीनिंगचे चार्ट दिसले तर दचकू नका.

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा तिथला सरकारी विमा, याची पद्धत वेगळी. काहीच सापडलं नाही तर ४५३७८ द्यायचा नाही. साधारण जोखमीला जी०१२१, जास्त जोखमीला जी०१०५. पॉलिप काढला तर नेहमीचा सीपीटी कोड आणि मॉडिफायर पीटी. ३३ खासगी विम्याचा, पीटी मेडिकेअरचा, ही अदलाबदल फार होते. पीटी लावल्यावर पेशंटला डिडक्टिबल लागत नाही, थोडा कोइन्शुरन्स, म्हणजे बिलातला पेशंटचा टक्क्यांमधला वाटा, लागतो: २०२३ ते २०२६ पर्यंत १५ टक्के, २०२७ पासून १०, आणि २०३० पासून काहीच नाही.

मेडिकेअर साधारण जोखमीला दहा वर्षांतून एकदा आणि जास्त जोखमीला दोन वर्षांतून एकदा स्क्रीनिंगचे पैसे देतं. मधल्या तारखा मोजा. आणि शौचाच्या चाचणीत दोष आला म्हणून केलेली कोलोनोस्कोपी २०२३ पासून मेडिकेअरमध्ये स्क्रीनिंगच धरतात, तिला केएक्स मॉडिफायर.

सर्व्हेलन्सला पूर्वीच्या पॉलिपचा कोड लागतोच. तो पूर्वी झेड८६.०१० होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे चार भाग झाले, ॲडिनोमा असेल तर झेड८६.०१०१. जुना कोड टाकला तर क्लेम थेट परत येतो. निदानांचा क्रम काय ठेवायचा ते क्लायंटच्या गाइडलाइनमध्ये पाहा, विमा कंपनीप्रमाणे तो बदलतो.

८. वरची एन्डोस्कोपी

ईजीडी म्हणजे अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम. नुसती पाहणी ४३२३५, बायोप्सी ४३२३९, स्नेअर ४३२५१, फुग्याने अन्ननलिका रुंद करणं ४३२४९, गाइड वायरवरून रुंद करणं ४३२४८, बँड लावणं ४३२४४, रक्तस्राव ४३२५५, पोटातून नळी बसवणं ४३२४६, अडकलेली वस्तू काढणं ४३२४७. नियम कोलोनोस्कोपीसारखेच.

स्कोप ड्युओडेनमपर्यंत गेला की नाही ते पाहा. अन्ननलिकेपुरताच राहिला असेल, जठराच्या वरच्या टोकाकडे वळून पाहिलं एवढंच असेल, तर ती इसोफॅगोस्कोपी, ४३२०० ची ओळ.

एकाच दिवशी वरची आणि खालची दोन्ही झाली तर दोन्हींचे कोड, प्रत्येकाचं निदान आपापलं. गिळायला त्रास हे कारण कोलोनोस्कोपीला जोडलेलं मी पाहिलं आहे. घाईत ड्रॉपडाऊनमधून चुकीची ओळ निवडली जाते. सबमिट करण्याआधी हे जोडकाम एकदा बोट ठेवून बघा.

ईआरसीपी, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांची एन्डोस्कोपी, पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे येणार नाही. आली तर एकच सांगते: कुठली नळी, पित्ताची की स्वादुपिंडाची, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४३२६० पासून सुरू होणाऱ्या त्या पानावर स्टेंट टाकणं, काढणं आणि बदलणं यांचे तीन वेगळे कोड आहेत.

९. निदान लिहिताना

पॉलिप असेल तर पॅथॉलॉजीची वाट बघा. रिपोर्ट यायच्या आत दिलात तर तो के६३.५ होतो, आल्यावर ॲडिनोमा निघाला तर डी१२ ची ओळ. त्यात जागेप्रमाणे आकडा: सीकम डी१२.०, असेंडिंग डी१२.२, ट्रान्सव्हर्स डी१२.३, डिसेंडिंग डी१२.४, सिग्मॉइड डी१२.५, रेक्टम डी१२.८. दोन्ही वळणं, हेपॅटिक आणि स्प्लीनिक, डी१२.३ मध्येच येतात. रेक्टमचा साधा पॉलिप मात्र के६२.१.

डॉक्टरांनी ‘शक्यता’, ‘संशय’, ‘नाही ना ते बघण्यासाठी’ असं लिहिलं असेल तर ओपीडीच्या कोडिंगमध्ये तो आजार टाकायचा नाही. ‘सिलिॲकचा (गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराचा) संशय’ असेल तर जुलाब किंवा पोटदुखी, जी तक्रार लिहिली आहे ती टाका. उगाच एखाद्याच्या नोंदीत नसलेला आजार चिकटतो.

ॲसिड रिफ्लक्सला (जीईआरडी) के२१.९, पण अन्ननलिकेला सूज लिहिली असेल तर के२१.००. डायव्हर्टिक्युलोसिसला (मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पिशव्या) के५७.३०, रक्तस्राव असेल तर के५७.३१, आणि मग रक्तस्रावाचा वेगळा कोड नाही.

१०. क्लेम परत आला तर

डिनायलचा, म्हणजे क्लेम का नाकारला त्याचा, कोड बघा. सीओ-९७ म्हणजे हे काम दुसऱ्या कोडमध्ये आलेलं आहे, ५९ राहिला का ते रिपोर्टमध्ये पाहा. सीओ-४ म्हणजे मॉडिफायर जुळत नाही किंवा नाही. सीओ-११ म्हणजे निदान आणि काम जुळत नाही. सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज दिसली नाही. सीओ-१८ डुप्लिकेट. सीओ-२९ म्हणजे मुदत उलटली. मेडिकेअरची मुदत सेवेच्या तारखेपासून बारा महिने, खासगी कंपन्यांची बरेचदा त्याहून खूप कमी.

ऑडिटरने एरर टाकली आणि तुम्हाला ती पटली नाही, तर रिबटल, म्हणजे लेखी हरकत, टाका. रिपोर्टमधली ओळ आणि पुस्तकातला नियम, दोन्ही लिहून. मी फ्रेशर असताना दोन एरर गप्प बसून मान्य केल्या, त्या माझ्या नव्हत्याच. ऑडिटरही माणूसच आहे, पुरावा दाखवला तर बहुतेक जण मान्य करतात.

११. परीक्षा आणि वर्षाचं कॅलेंडर

एएपीसी या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा पगारात फरक पाडते. १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, आणि तिन्ही पुस्तकं उघडून बघायची मुभा. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, अनुभवाचा पुरावा दिल्यावर तो ‘ए’ जातो. पचनसंस्थेच्या कोडिंगची वेगळी सीजीआयसी परीक्षाही आहे, पण ती दोन-तीन वर्षं चार्ट केल्यावर द्या. पुस्तकं परीक्षेच्या वर्षाची आहेत ना ते तपासा. दादरला किंवा फोर्टला स्वस्तात मिळालेली मागच्या वर्षाची प्रत सरावाला ठीक, परीक्षेला नाही.

आयसीडीचे कोड १ ऑक्टोबरला बदलतात, कधी १ एप्रिललाही. सीपीटी १ जानेवारीला. कोड निवडताना सेवेची तारीख धरायची, तुम्ही चार्ट उघडला ती तारीख नाही. ३० सप्टेंबरची कोलोनोस्कोपी तुमच्या क्यूमध्ये ४ ऑक्टोबरला आली तरी तिला जुनेच कोड लागतील. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही वर्षांचे चार्ट एकत्र येतात. त्या दिवसांत मी वहीत जुन्या कोडवर पेन्सिलने एक रेघ मारते, शेजारी नवा लिहिते आणि जुना खोडत नाही.